धर्मभगिनींचा वाली कोण? कॅथलिक चर्चमधील अधिकारांची रचना समजून घेताना

जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडमधील दुर्ग रेल्वे स्थानकावर केरळच्या दोन कॅथलिक धर्मभगिनींना मानवी तस्करी आणि धर्मांतराच्या आरोपाखाली अटक झाली. त्यांना जामीन मिळेपर्यंतच्या नऊ दिवसांत भारतातील बिशपांनी पत्रके काढली, केरळमध्ये मोर्चे निघाले आणि संसदेबाहेर खासदारांनी निदर्शने केली. सप्टेंबर २०१८ मध्ये मात्र पाच धर्मभगिनी कोचीत उच्च न्यायालयाजवळच्या चौकात धरणे धरून बसल्या होत्या. त्यांची मागणी एकच होती : आपल्या एका सहकारी भगिनीवर बलात्कार केल्याचा आरोप असलेल्या बिशपांना अटक करा. त्या वेळी त्यांच्या बाजूला काही धर्मगुरू, काही सामान्य कॅथलिक आणि बरेच बिगरख्रिस्ती कार्यकर्ते बसले होते. केरळच्या बिशपांच्या परिषदेने मात्र आंदोलनावरच टीका केली.

हल्ला बाहेरून झाला की चर्चचे नेतृत्व भगिनींच्या पाठीशी उभे राहते आणि तक्रार आतून आली की तेच नेतृत्व आक्रसते, हा फरक अनेकांना ढोंगीपणा वाटतो. ढोंगीपणा त्यात असेलही. पण तेवढ्यावर थांबले तर खरे कारण हातातून निसटते. ते कारण चर्चच्या कायद्यात, मालमत्तेच्या कागदांत आणि नेमणुकांच्या पद्धतीत आहे. वसईपासून गोव्यापर्यंत आणि पुण्यापासून नागपूरपर्यंत ज्यांनी सिस्टरांच्या शाळेत शिक्षण घेतले किंवा त्यांच्या दवाखान्यात उपचार घेतले, त्यांनाही ही रचना सहसा ठाऊक नसते.

धर्मभगिनी ही धर्मगुरू नव्हे

बाहेरच्या माणसाला झगा घातलेले सगळे सारखेच वाटतात आणि फादर व सिस्टर ही एकाच पदाची पुरुषी व स्त्री रूपे आहेत, असा समज होतो. चर्चच्या कायद्यात तसे नाही. धर्मगुरूला दीक्षा मिळते. ती दीक्षा फक्त पुरुषाला मिळते, आणि मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासनाविधी) अर्पण करणे, पापनिवेदन ऐकणे आणि चर्चचा कारभार चालवण्याचे बहुतेक अधिकार तिच्याशी जोडलेले आहेत. धर्मभगिनी दीक्षित नसते. तिने व्रते घेतलेली असतात, तिचे सारे आयुष्य चर्चला वाहिलेले असते. पण अधिकाराच्या हिशेबात ती चर्चमध्ये बाकावर बसणाऱ्या सामान्य श्रद्धावंताच्या बाजूलाच उभी असते.

जगात आज सुमारे ६ लाख कॅथलिक धर्मभगिनी आहेत आणि सुमारे ४ लाख धर्मगुरू. म्हणजे चर्चच्या पूर्णवेळ मनुष्यबळात स्त्रिया बहुसंख्य आहेत. तरीही धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश, स्त्रीच्या हाती कधीच नसतो. बिशप हा आपल्या धर्मप्रांतात कायदा करणारा, कारभार चालवणारा आणि न्याय देणारा असा तिन्ही असतो. सत्ताविभाजन या नावाने आपण शाळेतल्या नागरिकशास्त्रात जे शिकतो, ते या व्यवस्थेत मुळातच अभिप्रेत नाही. यातला वाईट हेतू शोधत बसण्याचे कारण नाही, कारण ही रचना शतकानुशतके अशीच आहे. पण तिचे परिणाम काय होतात हे पाहावे लागते.

तीन व्रते आणि एक पगारपत्रक

धर्मभगिनी ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रते घेते. पहिल्याची चर्चा खूप होते, पण तिच्या रोजच्या आयुष्याला वळण लावतात ती उरलेली दोन.

दारिद्र्याच्या व्रताचा व्यवहारातला अर्थ २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आला. तामिळनाडू आणि केरळमधील अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या धर्मभगिनींना आणि धर्मगुरूंना सरकारकडून पगार मिळतो. १९४४ पासूनच्या प्राप्तिकर खात्याच्या परिपत्रकांच्या आधारे या पगारातून कर कापला जात नसे, कारण ही रक्कम व्यक्तीकडे न राहता थेट संस्थेकडे जाते असे मानले जाई. ही सवलत बंद झाली तेव्हा संस्थांनी न्यायालयात धाव घेतली. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा होता की व्रत घेतलेली व्यक्ती चर्चच्या कायद्यानुसार 'नागरी मृत्यू' पावते, म्हणजे मालमत्ता धारण करणारी व्यक्ती म्हणून ती उरतच नाही. मग तिचे उत्पन्न कुठले आणि त्यावर कर कसला? नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने या ९० हून अधिक याचिका फेटाळल्या. पगार व्यक्तीच्या नावाने दिला जातो, त्यामुळे तो तिचे उत्पन्न ठरतो. नंतर तिने तो कुणाला दिला याचा कराशी संबंध नाही, असा निकालाचा आशय होता.

करापुरता विषय तिथे मिटला. या खटल्याची दुसरी बाजू मला अधिक बोलकी वाटते. तीस-पस्तीस वर्षे शाळेत शिकवणाऱ्या स्त्रीचा पगार दर महिन्याला तिच्या नावाने निघतो, पण तो तिचा नसतो. निवृत्तिवेतनही तिचे नसते. चर्चच्या कायद्याच्या कलम ६६८ नुसार व्रतस्थ व्यक्ती आपल्या श्रमाने जे मिळवते ते संस्थेचे होते. त्या बदल्यात संस्थेने तिचे अन्न, औषधपाणी आणि म्हातारपण सांभाळायचे असते, आणि बहुतेक संस्था ते मनापासून सांभाळतात. पण ती संस्था सोडून बाहेर पडली तर? कलम ७०२ सांगते की जाणाऱ्या व्यक्तीला केलेल्या कामाबद्दल काहीही मागता येणार नाही. संस्थेने मात्र न्यायबुद्धीने आणि ख्रिस्ती प्रेमाने वागावे. मागण्याचा हक्क नाही, देणाऱ्याचा चांगुलपणा आहे. पन्नाशीतील स्त्रीला बँक खात्यात शिल्लक नसताना, भविष्य निर्वाह निधी नसताना आणि माहेरचा उंबरा तीस वर्षांपूर्वी सुटलेला असताना 'मला अन्याय सहन होत नाही, मी जाते' असे म्हणण्यासाठी किती धैर्य लागत असेल, याचा हिशेब या एका कलमातून मांडता येतो.

ज्या भगिनी शाळा-रुग्णालयांत नसून चर्चच्या आवारात किंवा बिशपांच्या निवासात काम करतात, त्यांची गोष्ट आणखी वेगळी. मार्च २०१८ मध्ये व्हॅटिकनच्याच अधिकृत वृत्तपत्राच्या स्त्रीविषयक पुरवणीत एक वृत्तांत छापून आला. त्यात रोममधील भगिनींनी नावे न देता सांगितले होते की कार्डिनल (पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी) आणि बिशपांच्या घरी पहाटे उठून न्याहारी बनवायची, स्वयंपाक करायचा, कपडे धुवायचे आणि इस्त्री करायची, आणि रात्री सगळे आटोपल्यावरच झोपायचे. ना कामाचे तास ठरलेले, ना मोबदला. मिळालाच तर अगदी किरकोळ. ज्या टेबलावर त्या वाढतात तिथे बसून जेवायला त्यांना क्वचितच बोलावले जाते. पुढच्याच वर्षी, मार्च २०१९ मध्ये, त्या पुरवणीच्या संस्थापक-संपादक लुचेत्ता स्काराफ्फिया आणि त्यांच्या सहकारी बाहेर पडल्या. आपल्यावर पुरुषांचे थेट नियंत्रण आणण्याचा प्रयत्न होत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. वृत्तपत्राच्या संपादकांनी ते नाकारले.

संस्था कुणाच्या हाताखाली?

सगळ्या धर्मभगिनी एकाच संघटनेत नसतात. त्यांच्या शेकडो स्वतंत्र संस्था आहेत, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यांचे दोन प्रकार पडतात. काही संस्थांना थेट पोपची मान्यता असते. त्यांच्या अंतर्गत कारभारात स्थानिक बिशपला हात घालता येत नाही. दुसऱ्या संस्थांना एखाद्या धर्मप्रांताच्या बिशपने मान्यता दिलेली असते आणि त्या त्याच्या विशेष देखरेखीखाली राहतात. या लेखात यापुढे पहिल्यांना पोपमान्य आणि दुसऱ्यांना बिशपमान्य संस्था म्हणू.

बिशपमान्य संस्थेचे स्वरूप समजायला आपल्याकडची सहकारी गृहनिर्माण संस्था डोळ्यांसमोर आणावी. सभासद आपली समिती निवडतात, पण निवडणुकीला सहकार खात्याचे उपनिबंधक अध्यक्ष म्हणून बसतात अशी कल्पना करा. उपविधी त्यांच्या मंजुरीशिवाय बदलता येत नाहीत, हिशेब त्यांना पाहता येतो आणि केव्हाही तपासणीला येता येते. इथवर ठीक आहे. आता असे समजा की ज्या जमिनीवर इमारत उभी आहे ती बहुतेकदा उपनिबंधकांच्याच ताब्यातली आहे, सभासदांना नोकरीही त्यांच्याच कार्यालयातून मिळते, सभासदत्व सोडायला परवानगीही तेच देतात आणि त्यांच्याविरुद्ध तक्रार असेल तर जिल्ह्यात दुसरे कार्यालयच नाही. बिशप आणि बिशपमान्य संस्था यांचे नाते साधारण असे असते.

पोपमान्य संस्थेतील भगिनींनाही बिशपपासून पूर्ण सुटका नसते. त्याच्या संमतीशिवाय त्याच्या धर्मप्रांतात मठ उघडता येत नाही आणि तिथल्या धर्मकार्यावर त्याचा अधिकार चालतो. पण त्यांची प्रमुख कोण असावी, कुणाची बदली कुठे व्हावी, पैसा कसा वापरावा हे तो ठरवू शकत नाही. हा फरक कागदी नाही. मदर तेरेसांच्या 'मिशनरीज ऑफ चॅरिटी'ला १९५० मध्ये मान्यता मिळाली ती कोलकात्याच्या आर्चबिशपांच्या अधिकाराखालची. सुरुवातीची जवळपास दहा वर्षे त्यांना कोलकाता धर्मप्रांताबाहेर घर काढता आले नाही. १९६५ मध्ये संस्था पोपमान्य झाली, आणि त्यानंतर त्यांचे काम देशोदेशी पोहोचले.

प्रत्येकीला एवढी उसंत मिळाली नाही. ऑस्ट्रेलियात १८६६ मध्ये मेरी मॅकिलॉप यांनी गरीब मुलांच्या शाळांसाठी संस्था काढली. भगिनींचा कारभार भगिनींनीच निवडलेल्या प्रमुखाने पाहावा, प्रत्येक गावच्या बिशपने नव्हे, असा त्यांचा आग्रह होता. ॲडलेडच्या बिशपांनी संस्थेचे नियम बदलायला घेतले, मॅकिलॉप यांनी ते स्वीकारले नाहीत, आणि सप्टेंबर १८७१ मध्ये बिशपांनी त्यांना चर्चमधून बहिष्कृत केले. पाच महिन्यांनी, मृत्युशय्येवर असताना, त्याच बिशपांनी बहिष्कार मागे घेतला. मॅकिलॉप यांनी त्यातून घेतलेला धडा भावनिक नव्हता. त्या १८७३ मध्ये रोमला गेल्या आणि मध्यवर्ती कारभाराला पोपची संमती मिळवायला लागल्या. अंतिम मान्यता यायला १८८८ उजाडले. दरम्यान बाथर्स्टच्या बिशपांना ही व्यवस्था न रुचल्याने त्यांच्याकडच्या भगिनींची वेगळी चूल झाली. २०१० मध्ये याच मॅकिलॉप संतपदाला पोहोचल्या. चर्चला आपल्या चुका कळतात, फक्त शंभर-सव्वाशे वर्षे थांबायची तयारी हवी, अशी एक टिप्पणी करण्याचा मोह इथे टाळणे कठीण जाते.

कुरविलंगाडमध्ये नेमके काय अडले?

आता २०१८ च्या प्रकरणाकडे पाहू. तक्रार करणारी भगिनी 'मिशनरीज ऑफ जीझस' या संस्थेची. ही बिशपमान्य संस्था पंजाबातील जालंधर धर्मप्रांताची, आणि तिचा एक मठ केरळच्या कोट्टायम जिल्ह्यात कुरविलंगाडला. आरोप होता जालंधरचे बिशप फ्रँको मुलक्कल यांच्यावर : २०१४ ते २०१६ या काळात याच मठात त्यांनी वारंवार अत्याचार केला. म्हणजे ज्या व्यक्तीकडे संस्थेची देखरेख, तिच्यावरच आरोप. बिशपांनी आरोप पहिल्यापासून फेटाळले आणि ही सूडबुद्धीने केलेली तक्रार असल्याचे सांगितले.

जून २०१८ मध्ये पोलिसांत जाण्यापूर्वी आपण चर्चमधील वरिष्ठांकडे आणि पोपच्या भारतातील राजदूताकडे दाद मागितली होती, असे त्या भगिनीचे म्हणणे होते. तिची स्वतःची संस्था तिच्या बाजूने उभी राहिली नाही. उलट संस्थेने प्रसिद्धिपत्रक काढून तिच्यावर आणि तिच्या सहकाऱ्यांवर कटाचा आरोप केला आणि पत्रकासोबत तिचे छायाचित्रही दिले. अशा प्रकरणात तक्रारदाराची ओळख उघड करणे हा गुन्हा असल्याने पोलिसांना त्याचीही नोंद घ्यावी लागली. ८ सप्टेंबरला पाच भगिनी कोचीत धरण्याला बसल्या. २० सप्टेंबरला व्हॅटिकनने बिशपांना तात्पुरते कामातून मुक्त केले आणि मुंबईचे निवृत्त सहायक बिशप आग्नेलो ग्रेशस यांना जालंधरचे प्रशासक नेमले. २१ सप्टेंबरला अटक झाली.

जानेवारी २०१९ मध्ये धरण्याला बसलेल्या पाचांतील चार भगिनींच्या हाती बदलीचे आदेश पडले. कुणाला पंजाब, कुणाला बिहार, कुणाला झारखंड, कुणाला केरळमध्येच कन्नूरकडे. या चौघी खटल्यातील महत्त्वाच्या साक्षीदार होत्या आणि तक्रारदार भगिनीचा आधारही. आज्ञापालनाचे व्रत इथे प्रत्यक्षात काय करू शकते ते दिसते : बदली नाकारणे हा व्रतभंग ठरतो आणि बदली स्वीकारणे म्हणजे साक्ष विस्कटू देणे. भगिनींनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले. फेब्रुवारीत प्रशासक ग्रेशस यांनी त्यांना लेखी कळवले की खटल्यासाठी गरज असेपर्यंत कुरविलंगाडमधून त्यांना हलवण्याचा धर्मप्रांताकडून प्रयत्न होणार नाही. त्याच सुमारास धर्मप्रांताच्या प्रवक्त्याने मात्र बदली ही संस्थेची अंतर्गत बाब असल्याचा वेगळाच सूर लावला. बिशपवर आरोप झाला की संस्था बिशपमान्य असते आणि भगिनींना संरक्षण द्यायची वेळ आली की तीच संस्था स्वायत्त होते, ही सोय लक्षात घेण्याजोगी आहे.

पण न्यायालयाने तर निर्दोष ठरवले

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला बगल देऊ नये. १४ जानेवारी २०२२ रोजी कोट्टायमच्या अतिरिक्त सत्र न्यायालयाने मुलक्कल यांची सर्व आरोपांतून निर्दोष मुक्तता केली. तक्रारदाराच्या वेगवेगळ्या वेळच्या कथनांत एकवाक्यता नाही आणि केवळ तिच्या साक्षीवर दोष सिद्ध होत नाही, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. त्याविरुद्ध केरळ उच्च न्यायालयात अपिले दाखल झाली. जून २०२३ मध्ये मुलक्कल यांनी जालंधरच्या बिशपपदाचा राजीनामा दिला आणि पोपने तो स्वीकारला. ही शिक्षा नव्हे, असे त्या वेळी चर्चकडून स्पष्ट केले गेले.

फौजदारी न्यायालय एका प्रश्नाचे उत्तर देते : या व्यक्तीने हा गुन्हा केल्याचे संशयापलीकडे सिद्ध झाले का? ते उत्तर कायद्याने आज 'नाही' असे आहे, आणि ते मान्य करूनच पुढचे प्रश्न विचारायला हवेत. बिशपविरुद्ध तक्रार असेल तर बिशपमान्य संस्थेतील भगिनीने कुणाकडे जायचे, चौकशी चालू असताना आरोप झालेल्या व्यक्तीचा संस्थेवरचा अधिकार तत्काळ का थांबत नाही, साक्षीदारांच्या बदल्या कोण रोखणार, हे प्रश्न त्या निकालाने सुटत नाहीत; ते त्या न्यायालयासमोर नव्हतेच.

एखाद्या धर्मप्रांताची गोष्ट, की सगळीकडची?

१९९४ मध्ये आयरिश धर्मभगिनी आणि वैद्यकीय तज्ज्ञ मॉरा ओडोनोह्यू यांनी व्हॅटिकनला एक अहवाल सादर केला. एड्सविषयीच्या कामानिमित्त त्यांनी जग पालथे घातले होते, आणि २३ देशांतून त्यांच्या कानावर आलेल्या तक्रारींची त्यात नोंद होती. एड्सच्या साथीमुळे आफ्रिकेतील काही धर्मगुरूंना धर्मभगिनी 'सुरक्षित' वाटू लागल्या होत्या, हे त्यातले सर्वांत अस्वस्थ करणारे निरीक्षण. अहवाल बंद दाराआड राहिला आणि २००१ मध्ये एका अमेरिकन कॅथलिक साप्ताहिकाने तो प्रसिद्ध केला, तेव्हा प्रश्न मर्यादित भूप्रदेशापुरता असल्याचा खुलासा व्हॅटिकनने केला. अबू धाबीहून परतताना विमानात पत्रकारांशी बोलताना पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरूंकडून आणि बिशपांकडूनही भगिनींचे शोषण झाल्याचे आणि ते अजून थांबले नसल्याचे उघड मान्य केले, ते फेब्रुवारी २०१९ मध्ये. पहिल्या अहवालापासून २५ वर्षांनी.

जाच लैंगिकच असतो असेही नाही. २०१२ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्तविषयक खात्याने अमेरिकेतील धर्मभगिनींच्या संस्थाप्रमुखांच्या संघटनेवर देखरेखीसाठी सिॲटलचे आर्चबिशप नेमले. देशातील सुमारे ८० टक्के भगिनी ज्या संस्थांमध्ये येतात, त्यांची ही संघटना. गरिबी आणि सामाजिक न्यायावर त्या बोलतात, पण गर्भपात आणि समलिंगी विवाहाविरुद्धच्या चर्चच्या भूमिकेवर पुरेसे बोलत नाहीत आणि त्यांच्या संमेलनांत 'जहाल स्त्रीवादी' विचार डोकावतात, असे आक्षेप होते. त्यांच्या परिषदांचे वक्ते आणि छापील साहित्य यांवर नजर ठेवली जाणार होती. भगिनींनी आदळआपट केली नाही. त्या चर्चेला बसत राहिल्या, आणि २०१५ मध्ये हे प्रकरण दोन्ही बाजूंनी सभ्य शब्दांत मिटले. अमेरिकन भगिनींना हे जमले याचे एक कारण असे की त्यांच्या मोठ्या संस्था पोपमान्य होत्या, त्यांच्यापैकी अनेकींकडे डॉक्टरेट होती, त्यांची स्वतःची रुग्णालये आणि महाविद्यालये होती. कुरविलंगाडच्या पाचजणींकडे यातले काहीच नव्हते.

स्वेच्छेनेच तर व्रत घेतले ना?

सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप हाच. आज्ञापालन मान्य नसेल तर मठात जायचे कशाला? यातला पहिला भाग खरा आहे : व्रत स्वेच्छेने घेतले जाते आणि कायमच्या व्रतापूर्वी काही वर्षांचा चाचणीकाळ असतो. पण आज्ञापालन हे संस्थेच्या घटनेनुसार दिलेल्या आज्ञेचे असते. ते कुणा एका पुरुषाच्या मर्जीचे पालन नव्हे, हे चर्चचा कायदाही सांगतो. सैनिकाने शिस्त पत्करली म्हणून अधिकाऱ्याने त्याच्याकडून घरची भांडी घासून घ्यावीत, असे कुणी म्हणत नाही.

धर्मगुरूही आज्ञापालनाचे वचन देतात, असे उत्तर कधी कधी येते. धर्मप्रांताचे धर्मगुरू बिशपला आज्ञापालनाचे वचन देतात हे खरे. पण ते दारिद्र्याचे व्रत घेत नाहीत, मानधन स्वतःकडे ठेवू शकतात आणि उद्या त्यांच्यापैकीच एखादा बिशप होऊ शकतो.

छळणाऱ्या वरिष्ठ स्त्रियाही असतात, त्याचे काय?

असतात. केरळमधील सिस्टर ल्युसी कलप्पुरा यांना ऑगस्ट २०१९ मध्ये संस्थेतून काढून टाकणाऱ्या वरिष्ठ स्त्रियाच होत्या. परवानगीशिवाय वाहन चालवण्याचा परवाना काढला, कर्ज घेऊन मोटार घेतली, कवितासंग्रह छापला, दूरचित्रवाणीवर बोलल्या अशी कारणे होती. कोचीतील धरण्याला त्यांनी दिलेला पाठिंबा या सगळ्याच्या मुळाशी आहे, असे त्यांचे म्हणणे. व्हॅटिकनने त्यांची अपिले फेटाळली. संस्थेच्या नियमांच्या चौकटीत पाहिले तर नियमभंग झालाच होता. मात्र धरण्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या भगिनीच्या मोटारीची आणि कवितांची जेवढ्या तत्परतेने चौकशी झाली, तेवढी तत्परता कुरविलंगाडच्या तक्रारीच्या वाट्याला आली नाही, हे नोंदवावेसे वाटते.

२०२० मध्ये रोममधील जेझुइट या धर्मगुरूंच्या संघाच्या एका नियतकालिकाने स्त्रीप्रमुखांकडून मठांत होणाऱ्या सत्तेच्या गैरवापरावर सविस्तर लेख छापला. बाहेर काढलेल्या भगिनींसाठी रोममध्ये निवारा उघडावा लागल्याचे व्हॅटिकनच्या संबंधित खात्याच्या प्रमुखांनीच त्याच वर्षी सांगितले. त्यांतील काहींना पोटासाठी देहविक्रय करावा लागला होता. त्यामुळे हा पुरुष विरुद्ध स्त्री असा सरळ सामना नाही. जिथे दाद मागायला दुसरे दार नसते तिथे खुर्चीवर बसलेली व्यक्ती कोणत्याही लिंगाची असली तरी तिच्या हातून तेच घडू शकते. तरीही वरच्या पायरीवर, जिथे अंतिम निकाल लागतो, तिथे आजवर पुरुषच बसत आले आहेत.

मग काहीच बदलले नाही का?

बदलले आहे. मे २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी जगभरासाठी असा कायदा केला की लैंगिक अत्याचाराची किंवा तो दडपल्याची माहिती मिळालेल्या प्रत्येक धर्मगुरूने आणि व्रतस्थ व्यक्तीने ती कळवलीच पाहिजे. बिशपवरील आरोपही त्यात आले. अधिकाराचा गैरवापर करून केलेले लैंगिक कृत्य २०२१ पासून चर्चच्या दंडसंहितेत स्वतंत्र गुन्हा आहे. संस्थेतून बडतर्फ झालेल्या भगिनीला अपील करायला पूर्वी फक्त दहा दिवस मिळत; एप्रिल २०२३ मध्ये ते तीस झाले. जानेवारी २०२५ मध्ये तर व्रतस्थांच्या संस्थांचा कारभार पाहणाऱ्या व्हॅटिकनच्या खात्याच्या प्रमुखपदी सिमोना ब्राम्बिला या धर्मभगिनीची नेमणूक झाली. एखाद्या खात्याची प्रमुख स्त्री होण्याची ही पहिलीच वेळ. त्यांच्या जोडीला एक कार्डिनल सहप्रमुख म्हणून दिले आहेत, कारण दीक्षा नसलेल्या व्यक्तीला चर्चमध्ये कितपत अधिकार चालवता येतात हा वाद कायदेपंडितांमध्ये अजून चालू आहे.

या सगळ्या सुधारणा रोममधून येतात आणि झारखंडच्या किंवा पालघरच्या एखाद्या छोट्या मठापर्यंत पोहोचेपर्यंत त्यांची धार बोथट होते. त्या मानाने एक तरतूद जवळ पडून आहे. कलम ६८१ म्हणते की बिशपने एखादे काम भगिनींच्या संस्थेकडे सोपवले तर दोघांत लेखी करार झालाच पाहिजे, आणि त्यात काम कोणते, त्यासाठी किती भगिनी आणि आर्थिक बाजू काय हे स्पष्ट असले पाहिजे. कामाचे तास, रजा, मानधन, आरोग्य विमा आणि तक्रार ऐकण्यासाठी त्या धर्मप्रांताबाहेरची व्यक्ती, हे सारे याच कराराच्या कागदावर मावू शकते. धर्मग्रामांत (एकेका स्थानिक चर्चच्या परिसरात), शाळांत आणि बिशपांच्या निवासांत अनेकदा हा कागदच नसतो. तोंडी विनंतीवर भगिनी येतात आणि तोंडी आदेशावर जातात. हे कलम १९८३ सालापासून लागू आहे, आणि संस्थेच्या प्रमुख भगिनीने करार मागायचा ठरवला तर तिला त्यासाठी कुणाचीही वेगळी परवानगी लागत नाही.